मंडईले किती जण येता?

ये वं बाई, अशी जवळ ये. पहिले गाडीवरून उतर. दारातूनच "मोठीमाय, बरी आहेस ना" म्हणायचं अन् गाडीले सेल मारायचा, हे कोणी शिकवलं तुले? चहा नको म्हणते. काऊन नको? साखर आहे माह्या घरी. बस. तुह्या मायबद्दल बोलायचं आहे, अन् ते फोनवर होत नाई. फोनानंच तर सारं बिघडवलं.

दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, दिवसा जत्रा अन् रातभर नाटक. त्या दिवशी कोणी कोणाले बोलावत नाई. ज्याचं त्या गावात कोणी नातं असल, तो येते, जेवते. मी नवी नवरी होती तेव्हा आमच्या अंगणात वीस-पंचवीस माणूस जेवून जाये. वीस का पंचवीस, ते मलेही माहीत नाई, कोणी मोजलंच नाई. तुही माय, माही धाकली बहीण, तर चार दिवस आधीच येऊन पडे. दोघी मिळून जंगलातून पत्रावळीची पानं आणायचो, रस्ताभर भांडत.

बकरे गावातलेच पडत. पळसाच्या पानांवर हिस्से लावायचे, हाडाचा, काळजाचा तुकडा सगळ्यांत सारखा. घरापरमाणे हिस्सा उचलायचा, अन् धान निघालं की धान द्यायचं. भात घरचा. तेल टोरीचं, मोहाच्या बिया आम्हीच वेचलेल्या. पैसा घरात नव्हताच, तर लागणार कुठून?

आता पानं आणायले कोण जाते? पलीकडच्या टोलीवरची एक बाई वाघानं नेली, तेव्हापासून आम्ही बायका शेताच्या धुऱ्यापुढं पाय टाकत नाई. मग पत्रावळी दुकानातल्या, चांदीच्या रंगाच्या. सरपण नाई, म्हणून सिलिंडर. टोरीच्या तेलाचा पोरांना वास येते, म्हणून पिशवीतलं तेल. अन् वडशावरून खाटीक येते, तराजू घेऊन. एका किलोले तो जेवढे पैसे घेते, तेवढ्यात माह्या लग्नाच्या वेळी अख्खा बकरा आला असता, दोरीसकट.

तीन-चार साल झाले असतील. मंडईच्या सकाळी माह्या पोरानं विचारलं, "माय, किती किलो आणू?" भाव ऐकून मी आधी डब्यातल्या नोटा मोजल्या. मी तुह्या मायले फोन लावला अन् विचारून बसली, "काऊन वं, मंडईले किती जण येता?"

मंडईले असं विचारत नाई. मले काय माहीत नव्हतं?

 ती म्हणे, "चौघं येतो, बाई."

"तुम्ही तर सात आहात ना?"

"चौघंच. पोरीची परीक्षा आहे."

दिवाळीच्या सुट्टीत कोणती परीक्षा वं? सांग, होती काय तुही परीक्षा? पाहा, हसून राह्यली. मले तेव्हाच समजायले पाहिजे होतं. पण मी पोराले म्हणलं, दोन किलोत भागते.

ती आली. मी वाढायले घेतलं. रशात आलू टाकले होते, मंडईच्या रशात आलू, जन्मात पहिल्यांदा. तिच्या पानात मटनाची फोड टाकायले गेली, तर तिनं हात आडवा धरला. "मले नको, बाई. मी माळ घातली."

तुहे मोठेबाबा म्हणे, "साळीबाई, आता आम्हाले एकट्यालेच पाप लागन काय?" सगळे हसले. तुहा बाप तेवढा खाली मान घालून जेवत राह्यला. ती वरण-भात खाऊन उठली. तिच्या गळ्याकडे पाहायचंही मले सुचलं नाई. खरं सांगू? मनात आलं, बरं झालं, दोन फोडी वाचल्या. हे मी आजवर कोणाले सांगितलं नाई.

मग उन्हाळ्यात नात्यातलं लग्न निघालं. हळदीच्या पंगतीत पाहते तर काय, तुही माय हाड चोखून राह्यली! माह्यावर नजर पडली अन् तिनं ते पत्रावळीखाली लपवलं. पन्नाशीची बाई, लहान पोरीसारखी. मी न पाहिल्यासारखं करून पुढं सरकली. 

तेव्हापासून मंडईले ती आलीच नाई. आडदिवशी येते, चहा पिते, अन् जाताना साखरेचा पुडा ठेवून जाते. बहिणीच्या घरी चहा प्यायचा अन् साखर आपली आणायची! लोक भावावरून दुकानदाराशी भांडतात. मी कोणाशी भांडू? खाटकानं मटन तोललं, मी माह्या बहिणीले तोललं.

यंदाची मंडई दहा दिवसांवर आली. यंदा मी कोणाले फोन करणार नाई. पोराले सांगून ठेवलं, मटन नाई झेपलं तर लाखोरीच्या दाळीचे वडे करू, पण मोठा गंज भरून करू. मायले सांग, तुही माळ मी पंगतीत पाहिली. रागावली तर रागावू दे, पण ये म्हणा. सातही जण या, अन् किती येता ते मले सांगू नका.

तू मंडईची वाट पाहू नको, बाई. चार दिवस आधीच तिले गाडीवर बसवून घेऊन ये. वड्याची दाळ वाटायले माह्या एकटीचे हात आता पुरत नाई.