मावसाजी आणि विहिरीतला दात

साऱ्या वऱ्हाडात आमच्या मावसाजींइतका भित्रा माणूस झाला नाही, आणि हे मी सांगतोय म्हणजे खरं माना, कारण दुसरा नंबर माझाच होता. अमरावतीच्या पोस्टात ते पार्सलं घेत. प्रत्येक पार्सल कानाशी धरून ऐकल्याशिवाय त्यावर शिक्का मारत नसत. अकोल्याला जायचं तर एसटीत चढण्याआधी ड्रायव्हरला विचारायचे, "भाऊ, रातच्याले झोप झाली ना बराबर?" त्यानं जांभई दिली की हे दुसऱ्या गाडीची वाट बघत बसायचे. मावशी म्हणायची, "अंतरपाट सरकला तं याहिनं डोयेच मिटून घेतले होते!"

अशा माणसाच्या हाती तो दात पडावा! साठ सालच्या आसपास, मोर्शीपलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या वावरात विहिरीचं काम चाललं होतं. बाबांनी संत्र्याची कलमं लावली होती आणि ती पाण्यावाचून माना टाकत होती. काळा दगड फुटून खाली पांढरट थर लागला आणि त्यातून बोटाएवढा, मागे वाकलेला एक दगडी दात निघाला. सुटी काढून आमच्याकडे राहायला आलेल्या मावसाजींनी तो रुमालात, रुमाल डब्यात आणि डबा पिशवीत घालून अमरावतीच्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवला, आणि परतले ते पांढरेफटक होऊन.

"डायनोसोर," ते विहिरीच्या काठावर मजुरांना सांगू लागले. "मांस खानारा. ह्या कडा पाहा, करवतीवानी. चावाले नाई, फाडाले! अन् वाकडा काहून? तं तोंडात गेलेलं सुटू नये. याचे पूर्वज बारके होते म्हनते, दातही बारके. मंग पिढ्यानपिढ्या दात वाढला, जबडा वाढला..." हातांचा जबडा करून दाखवताना ते स्वतःच दोन पावलं मागे सरले. मी तर कधीच सरलो होतो. मुकादमानं फावडं खाली ठेवलं. "ज्याचा दात हाय, तो खालीच निजून असन. आमी नाई उतरत."

नारळ फोडला, कोंबडं कबूल केलं, कोणी उतरेना. बाबा नदीवरून घागरी आणून कलमांना घालत राहिले, आणि ते बघून मावसाजी अर्धी भाकर ताटात टाकून उठायचे. घरात ते मांजरीचं तोंड उघडून बघायचे. "आज उंदीर खाते. पुढं हिचाही दात वाढत गेला तं?"

एके सकाळी दात उलटसुलट करताना ते थबकले. दाताला मूळच नव्हतं. "अरे, प्राध्यापकानं सांगितलं होतं, भेवानं इसरलो! मूळ झिजून आपोआप पडलेला दात हाय हा. याहिले जनमभर नवे दात येत. म्हंजे तो इथं मेला नाई. जेवला, दात पडला, चालता झाला!"

मुकादम हसला. "मंग आंधी तुमीच उतरा ना, साहेब."

मला वाटलं, आता हे एसटी गाठणार. पण मावसाजींनी एकदा कलमांकडे पाहिलं, धोतर खोचलं आणि दोर धरला. दोर सैल पडला. मग खालून आवाज आला, "कोनी नाई इथं!" आणि लगेच, बारीक आवाजात, "तू ये रे खाली. एकट्याले भेव वाटून राह्यलं."

मी दोर दोन्ही हातांनी आणि दातांनीही धरून उतरलो. तळाशी मावसाजी भिंतीला चिकटून उभे होते. त्यांनी माझा हात धरला.

"सगळीकडं पाहिलं का?" मी विचारलं.

"पाह्यलं कुठं? डोये कोनं उघडले?"

वर मजूर पोट धरून हसत होते, आणि हसत हसतच एकेक जण खाली उतरला.

पाणी लागलं. कलमं जगली. पुढे मावसाजी वावरात किती वेळा आले, पण विहिरीकडे फिरकले नाहीत. दूर निंबाखाली बसून पाणी मागवायचे, तांब्या उजेडाकडे तिरपा करून आत नीट डोकावायचे आणि मगच घोट घ्यायचे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. विहिरीचं पाणी अजून गोड आहे. पण ते इतकं जपून पिणारं आता आमच्यात कोणी उरलं नाही.