वर्तणुकीचा रकाना

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ नावाचा एक रकाना असतो. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी तो किती वेळा भरला असेन, देव जाणे. अक्षर बरं म्हणून दाखले लिहायचं काम कायम माझ्याच गळ्यात. सही मुख्याध्यापकांची, लिहिणारा मी. त्या रकान्यात मी डोळे मिटून ‘चांगली’ लिहायचो. सगळेच लिहितात. मुख्याध्यापकांच्या खणात मेलेला साप ठेवणाऱ्या पोराची वर्तणूकसुद्धा आमच्या दप्तरी चांगलीच आहे. ते तसंच असावं असं माझं मत होतं आणि अजूनही आहे. सोळाव्या वर्षी कोण शहाणा असतो? मी तरी नव्हतो.

एकदाच मी तिथे दुसरा शब्द लिहिला. त्याला आता चौदा-पंधरा वर्षं झाली.

आमचं गाव मुक्ताईनगरच्या अलीकडे, चारी बाजूंनी केळी. झाडातून केळफूल बाहेर पडून घड धरायला लागला की आमच्याकडे म्हणतात, बाग निसवली. निसवलेल्या झाडाला कोणी विळा लावत नाही. भांडणात माणसाचं डोकं फुटलं तर गाव चार दिवस बोलून विसरतं, पण निसवलेली बाग कापली तर त्या घराला पिढ्यान्‌पिढ्या नाव ठेवतं.

त्या जानेवारीत एका सकाळी गावातल्या एका आबांच्या बागेत दोन ओळी आडव्या पडलेल्या सापडल्या. सगळी निसवलेली झाडं. कोवळे घड मातीत, ठिबकच्या नळ्या जागोजागी तोडलेल्या. मी शाळेत जाता जाता बघायला गेलो. आबा बांधावर बसले होते, पडलेल्या एका झाडावर हात ठेवून. त्यांनी कोणाला शिवी दिली नाही. मला म्हणाले, सर, दोन महिने थांबले असते तरी चाललं असतं हो. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला तेव्हा कळलं नाही. घड भरले असते, निदान कोणाच्या तरी पोटात गेले असते, असं बहुतेक.

हे कोणी केलं ते मला त्याच दुपारी समजलं. जेवायला घरी गेलो तर वहिनी दारातच उभी. तिच्या हातात माझ्या पुतण्याचा शाळेचा शर्ट. पांढऱ्या शर्टावर छातीपासून बाहीपर्यंत तपकिरी डाग. केळीचा चीक अंगावर उडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो. वाळला की काळपट होतो आणि मग कापड फाटेपर्यंत जात नाही. म्हणून तर आमच्याकडे केळीत घालायचे कपडे निराळे, घराबाहेरच्या खुंटीवर. शाळेचा शर्ट घालून केळीत कोणी शिरत नाही. पण हे दोघे दहावीचा जादा तास सुटल्यावर दिवेलागणीला तसेच तडक गेले होते, डोक्यात राग घालून.

दोघे म्हणजे माझा पुतण्या आणि त्याचा दोस्त. दोस्ताचे आईवडील शिरपूरच्या पलीकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून कामाला आलेले. गावातल्याच एका बागेत खोपी करून राहायचे, पाणी-खत बघायचे. गाव त्याला खोपीवरचा म्हणायचं. आठवडाभर आधी आबांनी या दोघांना बागेच्या कडेला सिगारेट ओढताना पकडलं होतं आणि शाळा सुटायच्या वेळी रस्त्यावर कान धरून उभं केलं होतं. मुली हसत गेल्या. आबांचं काही चुकलं नाही असं तेव्हा मलाही वाटलं होतं.

पुतण्याला मी खोलीत घेतलं. मी काही विचारायच्या आधीच तो रडायला लागला. विळा त्यानेच नेला होता. पहिलं झाड त्यानेच कापलं. दोस्त नको नको म्हणत होता, मग तोही पेटला. मी त्याच्या दोन कानाखाली दिल्या. मग शर्ट बंबात घातला. बंबातून जळक्या कापडाचा वास आला तो अंगणभर पसरला, आणि वहिनीने तुळशीपुढची उदबत्ती लावली. 

पुतण्याकडे आणखी दोन शर्ट होते. खोपीवरच्याकडे एकच होता.

त्या दिवशी तो शाळेत आलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी तोच शर्ट घालून आला. आईने रात्रीतून धुतला असणार, कारण डाग जरा फिके झाले होते, पण होते. प्रार्थनेच्या रांगेतच मुलांनी बघितलं. तास सुरू होईपर्यंत गावात बातमी गेली होती.

शाळेच्या पडवीत बैठक बसली. आबा, गावातली चार मोठी माणसं, मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक म्हणून मी. पोरगा मधोमध उभा. पोलिसांत द्यायचं नाही यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि आपण किती मोठ्या मनाचे आहोत असं प्रत्येकाच्या तोंडावर दिसायला लागलं. मग त्याला विचारलं, सोबत कोण होतं. तो म्हणाला, कोणी नाही. दहा वेळा विचारलं असेल. एवढी झाडं एकट्याच्याने कापून होत नाहीत हे केळीच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. तरी त्याचं उत्तर तेच. माझ्या पुतण्याच्या अंगात पांढराशुभ्र शर्ट होता आणि मी समोर बसलो होतो, म्हणून त्याचं नाव कोणी काढलं नाही. माझ्याकडे त्याने एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित मला बोलावं लागलं असतं, आणि ते त्याला ठाऊक होतं असं मला आता वाटतं.

मग कोणीतरी मला विचारलं, सर, तुमच्या वर्गात आहे, पोरगा कसा आहे? मी म्हणालो, गप्प असतो. कोणाला काही सांगत नाही. यातला शब्द न्‌ शब्द खरा होता. पण त्या बैठकीत त्याचा अर्थ पोरगं मुरलेलं आहे असा झाला, आणि तो होऊ द्यायचा म्हणूनच मी तसं बोललो. बाहेरचं पोर, असंच निघायचं, असं एकजण म्हणाला. ठरलं असं की परीक्षेचा फॉर्म भरलेला आहे तर परीक्षेला बसू द्यावं, पण दाखल्यावर शेरा मारावा. म्हणजे पुढे कुठे गेला तरी लोक सावध राहतील.

आता निवृत्त झाल्यावर मला जळगावला भाषणांना बोलावतात. बिघडलेली तरुण पिढी आणि समाज, असले विषय. शाल देतात, नारळ देतात. पोरं मोटारसायकली उडवतात, मास्तरांच्या अंगावर येतात, बसच्या काचा फोडतात, समाजाने करावं तरी काय, असं लोक मला विचारतात आणि मी काहीतरी गुळमुळीत बोलून खाली बसतो. कारण खरं उत्तर मला माहीत आहे. आम्ही ते केलेलं आहे. माझ्या भावाने त्या वर्षी दर रविवारी पुतण्याला आबांच्या बागेत पाठवलं. तुटलेल्या नळ्या जोडायच्या, मोकळ्या जागी केळीची पिलं, म्हणजे नवी रोपं, लावायची. परीक्षेच्या तोंडावरही एक रविवार सोडला नाही. रात्री भाऊ त्याला शेजारी घेऊन जेवायचा. वहिनी त्याच्यावर नजर ठेवायची, पण टोमणा एकही मारला नाही. मी पहाटे उठवून गणित घ्यायचो. त्याने काय मोडलं ते त्याच्याच हाताने उभं करून घेतलं आणि त्याला घरातून हाकललं नाही. तो सुधारला. चांगला माणूस झाला, आज जनावरांचा डॉक्टर आहे. म्हणजे हे सगळं आम्हाला येत होतं. फक्त ते एकाच पोरासाठी केलं. दुसऱ्यासाठी आमच्याकडे रकाना होता.

आबा सगळ्यांना सांगायचे, सरांचा पुतण्या बघा, स्वतःहून मदतीला येतो. ते ऐकताना माझी मान खाली जायची, पण तोंड उघडायचं नाही.

खोपीवरचा दहावी पास झाला. माझ्या पुतण्यापेक्षा चार टक्के जास्तच. जूनमध्ये तो आईला घेऊन दाखला न्यायला आला. मी दाखला लिहिला. वर्तणुकीच्या रकान्याशी माझा पेन थांबला हे खरं आहे, पण मुख्याध्यापक समोर बसले होते, आणि मी ‘असमाधानकारक’ असं लिहिलं. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं.

त्याची आई माझ्याहून लहानच असेल, उन्हाने वाळलेली. तिने दाखला दोन्ही हातांनी घेतला. लिहिता-वाचता तिला येत नव्हतं. कागद माझ्यापुढे धरून तिने विचारलं, “गुरुजी, मना पोरबद्दल चांगलं लिखेल शे ना?”

पोरगा तिच्या खांद्यामागे उभा होता. त्याने वाचलेलं होतं, डोळ्यांवरून दिसत होतं. आता तो बोलणार, असं मला वाटलं.

“वर्तणूक चांगली, अक्का,” मी वाचून दाखवल्यासारखं म्हणालो.

तिने मान मागे वळवून त्याला विचारलं, हो ना रे? तो म्हणाला, “हा माय. चांगली.”

तिने मला वाकून नमस्कार केला. मी तो घेतला. या गोष्टीत मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटत असेल तर त्या नमस्काराची.

धुळ्याला एका वसतिगृहात राहून तो पुढे शिकणार होता. तिथे तो शब्द वाचून त्याचा अर्ज परत दिला, एवढंच पुढे कानावर आलं. मग काही वर्षं तो केळीच्या गाड्या भरताना दिसायचा. मला बघून ओळख द्यायचा, मीही द्यायचो. मग ती खोपीच उठली आणि माणसं पाड्यावर परत गेली.

गेल्या वर्षी पुतण्याचा धुळ्याहून फोन आला. गुरांच्या लसीकरणाला तो त्या पाड्यावर गेला होता. काका, तो भेटला, म्हणाला. दिवसभर लोकांचे बैल धरून उभा राहिला माझ्यासाठी. त्या जुन्या गोष्टीचं काही बोलला नाही. घरी नेऊन भाकरी खाऊ घातली. एवढं सांगून पुतण्या फोनवर रडायला लागला, तिशी गाठलेला माणूस. 

आठ दिवसांनी मी एसटीत बसलो. पारोळ्यावरून धुळं, धुळ्याहून शिरपूर आणि पुढे एका जीपने. पुतण्या सोबत येतो म्हणत होता, मी त्याला नको म्हटलं. माफी मागायची होती आणि ती मला एकट्याला मागायची होती. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. आयुष्यभर मुलांना निबंध शिकवले, तरी एक धड वाक्य जुळेना.

घर कुडाचं, पण नीट सारवलेलं. तो माझ्या पाया पडला. केस आताच पांढरे व्हायला लागले होते त्याचे. आई आता पुरती म्हातारी झाली होती, पण तिने मला लगेच ओळखलं आणि शेजारपाजारच्या बायांना हाका मारून बोलावलं. हे तेच गुरुजी, म्हणाली, आणि आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला तो दाखला होता. पोराला नोकरी लागली नाही ती त्याच्या नशिबाने, कागद तर असा चांगला आहे, असं ती बायांना सांगत होती. तो खाली मान घालून बसला होता.

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच्या मुलीने तो कागद आजीच्या हातातून घेतला. तिसरीतली, पुढचे दोन दात पडलेली. बापाचं नाव तिने भरभर वाचलं. बायांनी कौतुक केलं, तशी तिला हुरूप आला. एकेका ओळीखाली बोट फिरवत ती खाली आली. वर्तणूक, असं तिने वाचलं. मग पुढचा शब्द तिला मोठा झाला, तरी तिने सोडला नाही. एकेक अक्षर लावत लावत म्हणाली, “अ-स-मा-धा-न-का-र-क.” आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघितलं.

“काय म्हणनी ती?” म्हातारीने विचारलं.

त्याने हळूच मुलीच्या हातातला कागद काढून घेतला. “काही नही, माय,” तो म्हणाला. “तिले आजून नीट वाचता येत नही.”

मुलीचं तोंड एवढंसं झालं. तिने कागदाकडे परत वाकून बघितलं, ओठ हलवत तीच अक्षरं पुन्हा लावून पाहिली, आणि मग बापाकडे बघितलं. आपलं काय चुकलं ते तिला कळत नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या नजरेत विनवणी होती, की सर, राहू द्या.

“तिने बरोबर वाचलं, अक्का,” मी म्हणालो. “त्या दिवशी मी चुकीचं वाचलं होतं.”