आतल्या पाण्याची तीन वर्षं

आमचं बेट चारशे पावलांत ओलांडून होई. एका अंगाला बाहेरचा समुद्र, दुसऱ्या अंगाला प्रवाळांच्या कड्यात अडकलेलं आतलं पाणी. उथळ, कोमट.

बाबा, म्हणजे इओतेबा, रोज सकाळी बाहेरच्या समुद्राचं तापमान मोजत. जाड कापडाची बादली बुडवायची, वर ओढून सावलीत धरायची, थर्मामीटर पाण्यातच ठेवून आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. अशी एकतीस वर्षं. त्या ओल्या दोरीचा वास मला अजून येतो. आई म्हणे, "समुद्राचा ताप बघून झाला असेल तर माडावर चढा. माडी उतरवायचीय."

आई गेली, त्यानंतर दोन वर्षांनी हवामान कार्यालयातली तारावेआ नावाची मुलगी जुन्या वह्या शोधत आली. मी तिला मासा आणि उकडलेलं बबाई, आमच्या दलदलीतलं अळूसारखं कंद, वाढलं. ती जेवता जेवता पानं उलटत होती. एके ठिकाणी तिचा हात थांबला. मधली तीन वर्षं समुद्र जवळजवळ एक अंशानं तापला होता. असं दुसरीकडे कुठंच सापडलं नाही, हे मोठ्या लोकांना पाठवायला हवं, असं ती म्हणाली.

मला कारण ठाऊक होतं. त्या तीन वर्षांत आई अंथरुणाला खिळली होती. तिचा आवाज दारापलीकडे जेमतेम जाई. म्हणून बाबा घरासमोर, आतल्या पाण्यातच बादली बुडवत. आता हे सांगितलं तर एकतीस वर्षांच्या वह्यांवर कोण विश्वास ठेवणार? मी बाबांना डोळ्यांनी गप्प राहा म्हटलं.

"पोरी, ते पाणी बाहेरचं नाही," बाबा म्हणाले.

आणि मग सगळं सांगितलं, पहिल्या दिवसाच्या तारखेसकट. तारावेआनं वहीची उरलेली पानं चाळली.

"बाकीची अठ्ठावीस वर्षं, आजोबा?"

"बाकीची बाहेरची."

तिनं मान डोलावली. पेन्सिलीनं त्या तीन वर्षांच्या समासात लिहिलं आणि बाबांना वाचून दाखवलं: आतलं पाणी, पत्नी आजारी.

"त्यातलं दुसरं खोड," बाबा म्हणाले.

"का?"

"पाण्याला त्याचं काय."

तिनं खोडलं. बाबांनी वहीवर फुंकर मारून रबराचा भुगा उडवला आणि निवलेलं ताट पुढं ओढलं.