आक्कासाठी वाळवलेली अळंबी

किस्से जमवावे लागत नाहीत. काम नसलेले तीन म्हातारे आणि एक गच्ची, एवढं पुरतं. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमधले मी, सावंत आणि जाधव, तिघेही रिटायर. गेल्या श्रावणात आम्ही रानातली अळंबी वाळवली.

कारण सावंतची मोठी बहीण, आक्का. राहते कल्याणला, पण गावच्या घरावरून भांडण झालं तेव्हापासून सहा वर्षं भावाकडे आलेली नाही. सावंतने फोन केला, "आक्का, ये ना." ती म्हणाली, "माझा चातुर्मास आहे. थंडीत येईन. आईसारखं अळंबीचं सुकं करणार असशील तर."

आता अळंबी येते पावसात. थंडीत कुठली? मी म्हटलं, "अरे सावंत, बाई नाही म्हणाली तुला."

"नाही रे तात्या," सावंत म्हणाला. "अळंबी म्हणाली."

*

कल्याणच्या बाजारात रस्त्याकडेला एक बाई पानांवर वाटे लावून बसते. सावंतने विचारलं, "विषारी नाही ना?"

"मी रोज खातंय," बाई म्हणाली. "ज्या दिवशी मी दिसणार नाय, त्या दिवशी घेऊ नका."

*

पहिला लॉट मी घालवला. माती लागलेली, म्हणून बादलीत बुचकळून धुतला. केमिकल कंपनीत जन्म गेला, धुतल्याशिवाय मी काही तोंडात घालत नाही. दुसऱ्या दिवशी ताटात काळा शेंबूड. सावंत दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

परत बाजारात गेलो. बाईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वाळवायचीय तिला पाणी कशाला पाजलं?"

फडक्याने पुसायची असते. हे मला सत्तराव्या वर्षी कळलं.

*

दुसरा लॉट पुसला, उभा चिरला, सुईदोऱ्यात ओवला. पण उन्हाचा पत्ता नाही. सावंतने माळा बेडरूममध्ये पंख्याखाली टांगल्या, आणि नवराबायको हॉलमध्ये घामात झोपले. सुलभावहिनी मला म्हणाल्या, "माझ्या बाळंतपणात पण या माणसाने पंखा सोडला नव्हता."

*

पंख्याने अर्धवटच वाळली. मग जाधवचं डोकं चाललं. गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली आमच्या सेक्रेटरीच्या एसीचा डबा आहे, त्यातून गरम वारा येतो. माळा त्याच्यापुढे बांधल्या. पण नेमका तेव्हा पावसाने गारवा आलेला, एसी लावतो कोण? जाधव रोज दुपारी सेक्रेटरीच्या दारात उभा. "काय उकडतंय हो साहेब."

तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी गच्चीवर आला. अंगावर शाल. माळा बघितल्या. मला वाटलं, आता नोटीस लागणार. त्याने एक तुकडा बोटांत धरून मोडून बघितला.

"अजून वाकतोय," म्हणाला, आणि खाली जाऊन एसी लावला.

*

पापडासारखी कट्‌कन मोडली की झाली. चार पिशव्यांची अर्धी बरणी भरली. बाकीची गेली कुठे, हे मला अजून समजलेलं नाही. आणि सावंत रोज झाकण उघडून वास घ्यायचा. दमट हवा आत जाऊन बुरशी येईल, हे त्याच्या टाळक्यात शिरेना. शेवटी वहिनींनी बरणी माझ्याकडे आणून ठेवली. "तात्या, मागायला आले तर देऊ नका."

आला. रोज आला. काचेतून बघून जायचा. एकदा मी विचारलं, "आणि आक्का नाहीच आली तर?"

"बरणी जरा मागे सरकव," म्हणाला. "खिडकीतून ओल येते."

*

तुळशीचं लग्न झालं, थंडी पडली. सावंतने फोन लावला. "आक्का, अळंबी आहे." पलीकडून आवाज आला, "रविवारी येते."

आली. मला आणि जाधवलाही जेवायला बोलावलेलं. वहिनींनी अळंबी कोमट पाण्यात भिजवून, खोबरं लावून सुकं केलेलं. आक्का जेवत होती आणि सावंत तिच्या तोंडाकडे बघत बसलेला, स्वतःचं ताट तसंच. आक्का बरं म्हणेना, वाईट म्हणेना. ताट भाकरीने पुसून घेतलं आणि म्हणाली, "अजून वाढ."

वहिनींचा चेहरा पडला. "आक्का, सगळी एवढीच होती."

आक्काने शेजारची पिशवी ओढली. आतून एक बरणी काढून भावापुढे ठेवली. गच्च भरलेली, सुकी अळंबी.

"तुला जमायचं नाही असं वाटलेलं," ती म्हणाली. "सुलभा, ही भिजत घाल. संध्याकाळला होईल."