गाळलेले पडदे

आईला वाचता येत नाही. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, शास्त्रातले, बायबलमधले तुकडे ऐकायला मिळतात. तिला एकदा ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ऐकायचं होतं. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. पाळकसाहेबांनी वर्षभराचा तक्ता दिला होता: रोज तीन अध्याय, वाचून झाले की चौकोनात खूण.

रोज म्हणजे रोज. नायगावच्या आमच्या खोलीत संध्याकाळी सातला आईचं शिलाई मशीन, शेजारची मालिका आणि माझा अभ्यास, सगळं एकदम सुरू. "जरा थांबव ना ते," म्हटलं की आई साडीचा फॉल सरकवत म्हणायची, "हात चालतायत, कान मोकळेच आहेत. वाच तू." शेजारच्या काकू दारातून विचारायच्या, "काय गं, कुठवर आलं तुमचं पारायण?" त्या हसायच्या, मी चिडायचे. जानेवारी संपता संपता मी चार दिवस मागे पडले होते.

तेवढ्यात मोशे डोंगरावर गेला आणि देव त्याला आपल्या उपासनेच्या तंबूची मापं सांगू लागला. पडदे किती हात, फळ्या किती, कड्या किती. पुढची पानं चाळली, तर संपतच नव्हतं. मी सहा अध्याय गाळले, दोन दिवसांच्या खुणा करून टाकल्या आणि थेट लोकांनी पुजलेल्या सोन्याच्या वासराच्या गोष्टीपासून वाचायला लागले.

मशीन थांबलं.

"काल देवानं लोकांकडून निळं, जांभळं, किरमिजी सूत मागवलं होतं. त्याचं काय शिवलं?"

"पडदे. नुसती मापं आहेत गं आई, कंटाळवाणी."

"कोणाला?"

मी तक्ता पुस्तकाखाली सरकवला.

"आणखी कुठे कुठे गाळलंस, मला कसं कळणार?" ती रागावली असती तर बरं झालं असतं.

कुठेच गाळलं नव्हतं. वंशावळ्यासुद्धा एकेक नाव घेऊन वाचल्या होत्या. पण आता ते कोणत्या तोंडानं सांगू?

मी खुणा खोडल्या, पानं मागे उलटली. दहा पडदे, अठ्ठावीस हात लांब, चार हात रुंद. काठाला पन्नास बिरडी, जोडायचे फास. आईनं साडी बाजूला ठेवून हवेत हातानं माप धरलं.

"बिरडी समोरासमोर हवीत, नाहीतर जोड बसणार नाही. लिहिलंय का तसं?"

पुढे अगदी तेच लिहिलं होतं. मी वाचून दाखवलं.

"मग ठीक. परत वाच."

परत! उद्या ट्युटोरियल होतं, तक्ता पुन्हा चार दिवस मागे. मी वैतागून तिच्याकडे पाहिलं. मशीन अजून बंदच होतं.

मी परत वाचलं.