सोनाबाईंची शीर

आता काय सांगू तुम्हाला! इतकी वर्षं लोकांना भूल देतोय, पण माझीच शुद्ध हरपायची वेळ एकदाच आली. तीही एका आजीमुळे!

गडचिरोलीकडच्या आमच्या छोट्या दवाखान्यात सर्जन आठवड्यातून एकदाच चंद्रपूरहून येतात. सोनाबाई हर्नियाच्या ऑपरेशनला आलेल्या. आधी दोनदा परत गेलेल्या; एकदा बीपी, एकदा ताप. "आता नाई झालं तं मी काई परत येत नाई," म्हणाल्या. विडीची तेंदूपानं तोडायच्या हंगामाआधी त्यांना बरं व्हायचं होतं.

भूल द्यायची तर आधी शिरेत सुई हवी. गाऊनच्या बाहीवरून मी दंडाला रबरी पट्टा करकचून बांधला. शीर? छे! मनगट पाहिलं, कोपर पाहिलं, दोनदा टोचलं. मग नवीन सोनोग्राफी मशीन आणवलं. त्यातही काही धड दिसेना!

"शिरा पार दबल्यात," मी ऐटीत जाहीर केलं. "मानेतली मोठी शीर घेऊ."

झालं! कुसुम सिस्टर मानेच्या तयारीला लागल्या. बाहेर बसलेल्या सोनाबाईंच्या लेकीने रडायला सुरुवात केली. सर्जन म्हणाले, "पुढच्या आठवड्यात बघायचं का?"

सोनाबाई ताडकन उठून बसल्या.

"डॉक्टरभाऊ, तू हे रबर माह्या वाकीवर काऊन बांधलं?"

त्यांनी बाही वर केली. आत दंडात रुतलेली जाडजूड चांदीची वाकी! पट्टा वाकीला आवळतोय, हात आपला मजेत!

"वाकी निघत नाई म्हणून सांगितलं होतं ना सर," सिस्टर पुटपुटल्या. सांगितलं होतं हो! मी तेव्हा मशीनचं कौतुक करत होतो.

"आजी, आधी का नाही बोललात?"

"तू शिकलेला मानूस. मले वाटलं, वाकीचंबी काई रायते तुमच्यात."

आणि त्यांनी पट्टा माझ्या हातातून घेतला. एक टोक दातात, दुसरं डाव्या हातात, वाकीच्या खाली एक वेढा, एक झटका! जन्मभर तेंदूपानांचे पुडे बांधलेला हात तो. मी आ वासून बघत राहिलो. बघता बघता गोंदणाखालून पळसाच्या मुळीसारखी शीर वर आली. खरं सांगतो, इतकी सुंदर शीर मी आजवर पाहिली नाही. पहिल्याच टोचण्यात सुई आत!

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी त्या गाववाल्यांना माझ्याबद्दल सांगत होत्या. मी दाराआड, कान टवकारून.

"डॉक्टर लय चांगला हाय. फकस्त त्याले बांधता येत नाई. हंगामात पाठवा म्हनलं, शिकवून देईन."

गेलो ना मी हंगामात! दिवसभर घाम गाळून पुडे बांधले. संध्याकाळी सोनाबाईंनी ते सगळे सोडले आणि परत बांधले.