राखून ठेवलेलं नाव

भावाला मुलगा झाल्याची बातमी आली तेव्हा मी काटोलच्या माझ्या घरी भांडी घासत होते. फार आनंद झाला, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे जळफळाट झाला. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच वहिनीची कूस उजवली, आणि इतक्या वर्षांच्या प्रार्थनांनंतर माझी मात्र रिकामीच. त्यात आम्ही ख्रिस्ती असलो तरी बारशाची रीत चारचौघांसारखीच. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानेच. वहिनी फोनवर म्हणाली, "ताई, तुमच्या मनातलंच नाव ठेवा जी."

माझ्या मनात एकच नाव होतं, योसेफ. ते मी माझ्या मुलासाठी राखून ठेवलं होतं. ते द्यायचं नाही, दुसरं काहीतरी सांगून मोकळं व्हायचं, असं ठरवूनच मी निघाले.

नागपूरला उतरून भावाच्या घरी जायला सक्करदऱ्याच्या ऑटोत बसले आणि रडू आवरेना. शेजारी एक म्हातारी बाई होती, गळ्यात छोटा क्रूस.

"काहून रडून राहिली वं माय?"

परक्या माणसाला सांगणं सोपं जातं. मी सगळं ओकून टाकलं. ती चक्क हसली.

"बायबलातल्या राहेलचं ठाऊक नाही का तुले? बहिणीले लेकरं होऊन राहिली अन् ही जळून राहिली. मंग देवानं तिले पोरगा देला, तं तिनं योसेफ नाव ठेवलं. आमच्या चर्चचे पाळक सांगत, हिब्रूत त्याचा अर्थ 'देव आणखी देवो'. पोरगं मांडीवर, तरी बाई मागूनच राहिली! जळकुटीनंच ठेवलेलं नाव हाये ते. तुले नाही शोभन तं कोनाले?"

ती पुढच्या चौकात उतरून गेली. ती कोण, कुठली, काहीच विचारलं नाही. मन साफ झाल्याशिवाय देवापुढे जाऊ नये, असं मी आजवर मानत आले होते. राहेल तर तशीच गेली होती, आणि त्याने तिचं ऐकलं होतं.

पाळण्याशी वाकले. ओठांवर दुसरं नाव तयार होतं. कानात सांगितलं ते योसेफ. रीतीप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले, आणि मला हुंदका फुटला. सगळ्यांना तो आनंदाचाच वाटला.

देवा, हे लेकरू दिलंस, तुझे उपकार. आणखी दे, असं मी रोज म्हणते. हेवा अजून गेलेला नाही. माझ्याने तो सुटत नाही, तोही तूच घे.